जीएल नावाची सरळ रेघ

आर्किटेक्टच्या ऑफिसांत एक मत इतकं मुरलेलं आहे की ते मत आहे, याचंही कोणाला भान राहिलेलं नाही. मत असं: सॉफ्टवेअरमध्ये साइटची जमीन उभी करत बसणं हे हौसेचं काम. स्पर्धेला प्रवेशिका पाठवायची असेल, क्लायंटपुढे गुळगुळीत चित्रं ठेवायची असतील, तर करावं. एरवी इमारत शून्य पातळीवर ठेवावी, खाली हिरवा चौकोन पसरावा आणि पुढच्या कामाला लागावं. जमिनीचं काय, शेवटी जेसीबी येणारच आहे. पुरावा हवा असेल तर मंजुरीसाठी गेलेला कुठलाही सेक्शन उघडून पाहा. प्रत्येक छज्जा, प्रत्येक लिंटल मिलिमीटरपर्यंत मोजलेला असतो, आणि या सगळ्याच्या खाली कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ‘जीएल’ (ग्राउंड लेव्हल) अशी अक्षरं मिरवणारी एक आडवी सरळ रेघ. मुळशीत तीच, महाबळेश्वरच्या उतारावर तीच, गुहागरच्या उतरणीवरही तीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून हा प्रदेश घडला, मग पावसाने तो कोरून काढला. आपण एका पॉलीलाइनमध्ये तो प्रश्न निकालात काढतो.

या मताची बाजू नीट मांडायची तर ती अगदीच पोकळ नाही. वेळ कमी आहे, फी त्याहून कमी आहे, सर्व्हे उशिरा येतो, आला तर अर्धवट येतो, आणि नगरपालिका किंवा प्राधिकरण मागतं ते प्लॅन, एरिया स्टेटमेंट आणि पार्किंगचा हिशेब. जमिनीचं मॉडेल कोणी मागत नाही. मग जे कोणी मागत नाही, ज्याचे पैसे कोणी देत नाही, आणि जे शेवटी कंत्राटदार यंत्राने बदलूनच टाकणार आहे, त्यावर दोन दिवस का घालवायचे? ऐकायला हा व्यवहारीपणा वाटतो. पण हिशेब मांडून पाहिला की यात व्यवहारच कमी पडतो.

चोवीसेक गुंठ्यांचा एक प्लॉट घेऊ, ४० मीटर रुंद, ६० मीटर लांब. मागच्या हद्दीपासून रस्त्यापर्यंत जमीन ६ मीटर उतरते, म्हणजे उतार १:१०. डोळ्यांना हा उतार फारसा वाटत नाही. अशा जागेला दलाल ‘जवळजवळ प्लेन’ म्हणतो. आता तो सपाट करायचा. कटाई आणि भराव सारखे ठेवायचे तर मागे ३ मीटर खणायचं आणि पुढे ३ मीटर भरायचं. खणायची माती १८०० घनमीटर, साइटच्या भाषेत सुमारे ६३६ ब्रास. तीच इमारत दोन टप्प्यांत बसवली, ३० मीटर लांबीचे दोन टप्पे केले, तर खोदाई नेमकी अर्धी होते, ९०० घनमीटर. शिवाय दोन टप्प्यांतला फरक येतो ३ मीटर, म्हणजे एक मजला. जमिनीने हा मजला फुकट देऊ केलेला असतो: वरच्या टप्प्यावरून एका मजल्यात प्रवेश, खालच्या टप्प्यावरून दुसऱ्यात, पार्किंग उताराच्या पोटात. हे कळायला प्रतिभा लागत नाही, जमीन समोर दिसावी लागते. ज्या आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये हिरवा चौकोन आहे, तिला हा मजला कुठून दिसणार?

आणि मातीच्या खेपा हा तर खर्चाचा लहान भाग. मोठा भाग भिंतींत आहे. मातीचा रेटा भिंतीच्या उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंतीला उलथवणारा जोर उंचीच्या घनाने. ३ मीटरच्या रिटेनिंग वॉलऐवजी दीड मीटरची पुरली तर रेटा चौथाईवर येतो, उलथवणारा जोर आठव्या हिश्शावर. टप्प्यांच्या आराखड्यात मधली ३ मीटरची भिंत उरतेच, पण ती इमारतीच्या पोटात जाते आणि स्लॅब तिला वरखाली धरून ठेवतात. उघड्यावर, शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या डोक्यावर, विपहोल बुजल्यावर मागे पाणी साठवत ती उभी राहत नाही. पुढच्या बाजूच्या भरावाची कथा वेगळीच. त्यावर पाया टाकता येत नाही, कॉलम मूळ जमिनीपर्यंत न्यावेच लागतात, म्हणून ‘सपाट’ केलेल्या जागेत इमारतीचा अर्धा भाग तीन मीटरपर्यंत जास्त लांबीच्या कॉलमांवर उभा राहतो. कॉलमांवरची इमारत टिकते; भरावावरचं पार्किंग, चेंबर आणि ड्रेनेजची लाइन दोन पावसाळ्यांत खचते. मग पेव्हर ब्लॉक उचलून परत बसवा, चेंबरची कडा परत बांधा. हा खर्च आर्किटेक्टच्या हिशेबात कधी येत नाही, कारण तोवर पझेशन होऊन गेलेलं असतं. ‘जेसीबी आहे ना’ या तीन शब्दांच्या अर्थशास्त्रात ही बिलं कुठल्या खात्यावर मांडायची?

दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. टेरेनचं टूल कटकटीचं आहे, फाइल जड होते, त्रिकोण वेडेवाकडे येतात, कडांना भोकं पडतात. यातलं थोडं खरं आहे. रेव्हिटमधला टोपोसरफेस कित्येक वर्षं जाडी नसलेलं नुसतं कातडं होता. आत माती आहे ही बाब सेक्शनमधल्या हॅचवर भागवावी लागे. जाडी असलेला, थर असलेला टोपोसॉलिड आला तो २०२४ च्या आवृत्तीत. इमारती रचण्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरला जमीन इतक्या उशिरा सुचावी, यावरून हा धंदा जमिनीकडे कसं पाहतो ते कळतं. पण नेहमीच्या तक्रारींपैकी बऱ्याच टूलच्या नसतात, वापरणाऱ्याच्या असतात. सर्व्हेअरचं ड्रॉइंग येतं ते यूटीएम निर्देशांकांत. पुण्याजवळच्या साइटचे पूर्वेकडचे आकडे पावणेचार लाख मीटरच्या घरात आणि उत्तरेकडचे वीस लाखांच्या वर. रेव्हिटची भूमिती मात्र आपल्या आतल्या उगमबिंदूपासून साधारण १६ किलोमीटरच्या आतच भरवशाची. ते ड्रॉइंग तसंच्या तसं आत ओढलं की रेषा थरथरतात, हॅच फुटतात, आणि मग ‘टेरेनने फाइल बिघडवली’ असा निकाल लागतो. उगमबिंदू साइटजवळ आणायचा आणि मूळ निर्देशांक शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये जपून ठेवायचे, एवढीच ही युक्ती. एका दुपारचं शिकणं. जडपणाचंही तसंच. आपल्या त्या चोवीस गुंठ्यांवर दर ५ मीटरला एक लेव्हल घेतली तर सव्वाशेसुद्धा बिंदू होत नाहीत. हद्द, रस्त्याची कड, झाडांचे बुंधे धरले तरी दोनशेच्या आत काम भागतं. ज्या ऑफिसात कमोडचं मॉडेल फ्लशच्या बटणासकट डाउनलोड करून प्रत्येक फ्लॅटमध्ये बसवतात, तिथे जमिनीचे दोनशे बिंदू जड होतात?

यापेक्षा धोकादायक जमात आहे ती टेरेनची हौस असलेल्यांची. त्यांचं म्हणणं, आता सर्व्हेची गरजच काय? स्केचअपमध्ये लोकेशन टाकलं की जमीन आपोआप येते, उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो, पाच मिनिटांत कंटूर तयार. हे लोक वरच्यांपेक्षा आधुनिक दिसतात, पण जमीन न मोजण्याच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या डेटातलं सर्वांत परिचित नाव म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने रडारने केलेली ही मोजणी. तिची जाळी सुमारे ३० मीटरची. इस्रोच्या कार्टोसॅट-१ वरून तयार झालेला आणि इस्रोच्याच भुवन पोर्टलवर खुला असलेला नमुनाही ३० मीटरच्याच जाळीचा. म्हणजे ४० बाय ६० मीटरच्या प्लॉटच्या वाट्याला खऱ्या मोजणीचे दोन-तीन चौकोन येतात. बाकी सगळं सॉफ्टवेअरने मधे भरलेलं. शिवाय रडार जमिनीवरून परततं तसंच झाडांच्या शेंड्यांवरून आणि छपरांवरूनही परततं, त्यामुळे आमराई असलेल्या प्लॉटवर तुम्हाला आमराईचा कंटूर मिळतो. त्यात एसआरटीएमची उंचीतली अपेक्षित अचूकता १६ मीटरच्या आत एवढीच ठरवलेली होती. प्रदेशाचा नकाशा काढायला, पाणलोट समजायला, दरी कुठल्या बाजूला आहे हे पाहायला ती उत्तम आहे. तिचा तो हेतूच होता. त्याच डेटावर अर्ध्या मीटरच्या अंतराने कंटूर काढून त्यावर जोत्याची पातळी ठरवणं हा मात्र धाडसाचा प्रकार आहे. कंटूर जितके दाट, तितका क्लायंटचा विश्वास दाट. सरळ रेघेला निदान आपण अडाणी असल्याची लाज असते. या वळणदार रेषांना तीही नसते.

पुढचं जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण इथेच मॉडेल करणं आणि मॉडेल आयतं आणणं यांतला फरक उघडा पडतो. ही सॉफ्टवेअरं जमीन बनवतात ती त्रिकोणांनी. दिलेल्या बिंदूंपैकी जवळचे तीन-तीन जोडायचे, सडपातळ त्रिकोण होईल तितके टाळायचे. डेलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली मांडलेली पद्धत आजही यामागे आहे. आता समजा फक्त कंटूर दिले. ओढ्याच्या तळाशी कंटूर इंग्रजी व्हीसारखा वळतो, त्याच्या दोन्ही हातांवरचे बिंदू एकमेकांच्या जवळ. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे एकाच कंटूरवर पडतात, म्हणजे तिन्हींची उंची एकच, म्हणजे त्रिकोण आडवा सपाट. सोंडेच्या धारेवरही हेच होतं. परिणाम असा की ओढ्याच्या पात्राचा उतार गायब होतो आणि त्या जागी सपाट चकत्यांची पायरी तयार होते. पाणी नेमकं जिथून वाहतं तिथेच मॉडेल सपाट. हे दुरुस्त होतं ते पात्राच्या तळाच्या लेव्हल वेगळ्या घेऊन, आणि तळ, काठ, बांध, जुनी भिंत यांच्यावर ब्रेकलाइन टाकून, म्हणजे त्रिकोणांना ‘ही रेघ ओलांडू नका’ असं बजावून. हे बजावणं सॉफ्टवेअर स्वतःहून करत नाही. ते करायला पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे माणसाला ठाऊक असावं लागतं. जमिनीचं मॉडेल करण्याचा खरा फायदा हाच. ते करताना असे प्रश्न विचारावे लागतात, जे सपाट चौकोनावर सुचतच नाहीत.

ते न सुचल्याची किंमत पुण्याने पाहिली आहे. २०१३ च्या जूनमध्ये पुणे-सातारा रस्त्यावर कात्रजच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगराकडून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. वर झालेली टेकडीफोड आणि बुजवलेली पाण्याची वाट यांची चर्चा त्यानंतर बराच काळ चालू होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं, तेही शहर विसरलेलं नाही. आर्किटेक्टने जमीन नीट मॉडेल केली असती तर हे टळलं असतं, असा दावा करणं भाबडेपणाचं होईल. यात हावही होती, यंत्रणाही होती. पण ओढा बुजवणाऱ्या प्रत्येक भरावाचं कुठेतरी एक ड्रॉइंग असतं, आणि त्या ड्रॉइंगमध्ये ओढा नसतो. जीएल नावाची सरळ रेघ कोणाचा गुन्हा लपवत नसेलही. तो करायला जागा मात्र करून देते.

‘कोणी मागत नाही’ हा आक्षेपही तपासून घेऊ. कायदा खरंच मागत नाही? राज्याच्या विकास नियमांत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मज्जाव आहे. १:५ म्हणजे सव्वाअकरा अंश. हा उतार कशावरून मोजायचा? ३० मीटरच्या जाळीवरून काढला तर मधला चार मीटरचा कडा सरासरीत विरघळतो आणि बांधता न येणारी जमीन बांधण्यायोग्य ठरते. कधी उलटही होतं, आणि मालकाची चांगली जमीन नाहक अडकते. गोव्याच्या नगर नियोजन कायद्यातलं १७-अ कलम परवानगीशिवाय टेकडी कापायला आणि सखल जमीन भरायला मनाई करतं. मूळ पातळी नोंदलेलीच नसेल तर काय कापलं आणि काय भरलं, हे ठरवणार कोण? इमारतीची उंचीसुद्धा भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून मोजायची असते. भरावाआधीच्या जमिनीपासून की नंतरच्या? आणि पैशांचाच मुद्दा असेल तर गौण खनिजाची रॉयल्टी आहेच. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की पायासाठी खणलेली साधी माती त्याच जागेत भरावाला आणि सपाटीकरणाला वापरली, तर मातीचा अंतिम वापर काय झाला हे न पाहता सरसकट आकारणी करता येत नाही. म्हणजे किती माती आत जिरली आणि किती बाहेर गेली, हा हिशेब दाखवता आला पाहिजे. रेव्हिटमध्ये मूळ जमीन एका फेजमध्ये आणि नवी दुसऱ्या फेजमध्ये ठेवली की कटाई, भराव आणि निव्वळ फरक तक्त्यात येतो. अर्थात तो आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही. मॉडेलमध्ये कापलेला खड्डा उभ्या कडांचा असतो, मुरूम तसा उभा राहत नाही. खणलेला मुरूम फुगतो, फोडलेला कातळ त्याहून जास्त फुगतो, दाबून भरला की आकसतो. तरीही अंदाजपंचे ठरलेल्या खेपांपेक्षा तो आकडा कितीतरी प्रामाणिक. त्या चोवीस गुंठ्यांवर जोत्याच्या पातळीत नुसती ३० सेंटिमीटरची चूक म्हणजे ७२० घनमीटर, अडीचशेहून जास्त ब्रास. पाच ब्रासचा हायवा धरला तर पन्नासेक खेपा, आणि त्याही फुगवटा न धरता. एका फूटभर चुकीच्या.

एवढं झाल्यावर शेवटचा बाण येतो तो परंपरेचा. आपल्या गवंड्यांनी कुठे मॉडेलं केली होती? कोकणातली उतरणीवरची घरं, जांभ्याचे गडगे, राजगडाच्या माच्या, हे सगळं संगणकाशिवायच झालं ना? लॉरी बेकरांनी तिरुवनंतपुरमच्या टेकडीवर सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार उताराला धरून, झाडं राखून बसवलं, ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये? झालं, अगदी बरोबर. पण ते लोक जमिनीवर उभे राहून काम करत होते. पाण्याची नळी धरून पातळी साधत होते, पहिल्या पावसात पाणी कुठून येतं हे पाहत होते, आणि उतार कापणं हाताच्या मजुरीने परवडत नव्हतं म्हणून उताराशी जुळवून घेत होते. बेकर साइटवर बसून निर्णय घेत. ज्याला हा दाखला द्यायचा आहे त्याने त्यांच्याइतके दिवस साइटवर काढावेत. मग मॉडेल केलं नाही तरी कोणी विचारणार नाही. इथे होतं असं की साइटला दोनदा, तेही भूमिपूजनाला आणि स्लॅबला जायचं, मॉडेलमध्ये हिरवा चौकोन ठेवायचा, आणि वर गवंड्यांच्या शहाणपणाचा हवाला द्यायचा. यंत्राने दहा मजुरांचं महिन्याचं काम एका दिवसात उलटंपालटं करता येऊ लागल्यापासून तो जुना लगाम सुटलेला आहे. आता जमीन वाचेल ती कोणीतरी मुद्दाम पाहिली तरच.

‘हे सर्व्हेअरचं काम, ते सिव्हिल इंजिनियरचं काम’ या वाटणीबद्दल फार बोलायची गरज नाही. लेव्हल मोजणं सर्व्हेअरचं काम आहेच, आणि त्याच्याकडून काय हवं हे आधी सांगितलं तर तो देतोही: फक्त रेषा नकोत, झेड किंमत असलेले बिंदू हवेत, टीबीएम, म्हणजे साइटवरचा तात्पुरता बेंचमार्क, कुठे आहे ते हवं, ओढ्याचा तळ हवा, शेजारच्या प्लॉटवर पाचेक मीटर आत जाऊन लेव्हल हव्यात. बहुतेक वेळा हे कोणी सांगत नाही, म्हणून सगळे कंटूर शून्यावर आडवे पडलेलं आणि उंची नुसत्या अक्षरांत लिहिलेलं ड्रॉइंग येतं, आणि त्याचंच निमित्त करून जमीन बाजूला टाकली जाते. पण त्या लेव्हल पाहून इमारत कुठे चढेल, कुठे उतरेल, कुठे जमिनीला हातच लावणार नाही, हे ठरवणं कोणाचं काम? ते आर्किटेक्टचं नसेल, तर तिचं काम नेमकं काय उरतं? खिडक्या?

जमीन सपाट धरणं हा तटस्थपणा नाही. तोही एक आराखडाच आहे, खर्चिक आणि बेजबाबदार. फरक इतकाच की तो कोणी बसून ठरवलेला नसतो आणि त्यावर कोणाची सही नसते. म्हणून जमीन फाइलमध्ये सर्वांत आधी यायला हवी, मोजलेल्या लेव्हलवरून, ब्रेकलाइनसकट, जोत्याची पातळी ठरण्याच्या अगोदर आणि पार्किंगच्या खांबांच्या कितीतरी अगोदर. प्रत्येक सेक्शनमध्ये मूळ जमिनीची तुटक रेघ आणि नव्या जमिनीची अखंड रेघ, दोन्ही दिसायला हव्यात, प्लॉटच्या हद्दीपलीकडे शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत ओढलेल्या. मंजुरी देणाऱ्याने मागितल्या नाहीत तरी. आणि ज्याला अजूनही हे हौसेचं काम वाटतं, त्याने आपली आडवी सरळ रेघ खुशाल ओढावी. फक्त तिच्याखाली स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह एवढं लिहून द्यावं, की ही पातळी मी जागेवर मोजली आहे.